लहान मुले असलेल्या घरासाठी ओटीटी सेवा कशी निवडावी

ओटीटी सेवा घ्यायचे ठरले की बहुतेक घरांत चर्चा ‘कशावर काय आहे’ येथून सुरू होते. कुणाला क्रिकेट हवे असते, कुणाला मराठी मालिका, कुणाला नव्या वेबसिरीज; आणि मुलांचे काय, असे कुणी विचारलेच तर ‘कार्टून काय, सगळीकडेच असतात’ असे म्हणून विषय संपतो. घरात बारा वर्षांखालील मूल असेल तर हा क्रम उलटा करावा, असे माझे मत आहे. कार्टून खरोखरच सगळीकडे असतात. फरक पडतो तो त्या कार्टूनच्या शेजारी काय मांडलेले आहे, मुलाला तिथपर्यंत पोहोचायला किती बटणे दाबावी लागतात आणि ती वाट बंद करण्याची सोय सेवेने पालकांच्या हातात कितपत दिली आहे, यामुळे.

पैसे भरण्याआधी एक आठवडाभर घरात कोण, कधी आणि कोणत्या पडद्यावर काय पाहते याची नोंद दिनदर्शिकेच्या कोऱ्या जागेत करून ठेवावी. संध्याकाळी सात ते नऊ आजी हॉलमधल्या टीव्हीवर मालिका पाहते, त्याच वेळी धाकटा आईच्या मोबाइलवर काहीतरी पाहत जेवतो, थोरली शाळेच्या प्रकल्पासाठी म्हणून टॅब घेऊन आतल्या खोलीत बसते आणि दहानंतर बाबांची वेबसिरीज सुरू होते, असे चित्र असेल तर निवडीला लागणारी बरीचशी माहिती त्यातच आहे: एका वेळी किती पडदे चालू असतात, मूल टीव्हीवर पाहते की मोबाइलवर, आणि त्या वेळी शेजारी कुणी मोठे माणूस असते की नाही.

याच नोंदीवरून मुलाचा पडद्यासमोरचा वेळही कळतो. बालरोगतज्ज्ञांच्या ‘इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स’ या संघटनेची शिफारस अशी आहे की, दोन वर्षांखालील मुलांना कोणताही पडदा दाखवू नये, दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी ही मर्यादा दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली, आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दोन तासांपेक्षा कमी असावी. म्हणजे घरातले एकुलते मूल दीड वर्षाचे असेल तर ‘मुलासाठी’ म्हणून कोणतीही सेवा घेण्याचे कारणच उरत नाही. चार वर्षांच्या मुलाच्या रोजच्या एका तासासाठी तीन-तीन वर्गण्या भरणेही हिशेबात बसत नाही.

प्लॅन आणि पडदे

प्लॅनची नावे आकर्षक असतात. त्यांच्यामागची रचना मात्र सगळीकडे साधारण सारखीच असते. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातले दर उतरवले तेव्हा मोबाइल प्लॅन महिन्याला १४९ रुपये, बेसिक १९९, स्टँडर्ड ४९९ आणि प्रीमियम ६४९ असे चार थर ठेवले. मोबाइल प्लॅन फक्त फोन किंवा टॅबवर चालतो, बेसिक टीव्हीवर चालतो पण एका वेळी एकाच पडद्यावर, स्टँडर्डमध्ये दोन आणि प्रीमियममध्ये चार पडदे मिळतात. जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एकत्र होऊन १४ फेब्रुवारी २०२५ रोजी जिओहॉटस्टार सुरू झाले, तेव्हा तिथेही तीन महिन्यांसाठी मोबाइलचा १४९ रुपयांचा, दोन पडद्यांचा २९९ रुपयांचा आणि चार पडद्यांचा ४९९ रुपयांचा असे थर होते. आकडे बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशीचा दर पाहावा. पण ‘किती पडदे आणि टीव्हीवर चालते का’ हे दोन प्रश्न प्रत्येक वेळी विचारावेत.

मुले असलेल्या घराने केवळ मोबाइलपुरता असलेला प्लॅन घेऊ नये, हे मी ठामपणे सांगेन. तो स्वस्त असतो हे खरे, पण त्यामुळे मूल हॉलमधल्या टीव्हीसमोरून उठून हातातल्या पडद्यावर, बहुधा कोपऱ्यात आणि एकटे, पाहू लागते. टीव्हीवर काय चालले आहे हे स्वयंपाकघरातूनही ऐकू येते. मोबाइलवर, विशेषतः इअरफोन लावलेला असेल तर, काहीच कळत नाही. रिचार्ज किंवा ब्रॉडबँडबरोबर ‘मोफत’ मिळणाऱ्या ओटीटीची हीच तपासणी करावी, कारण अशा जोडसवलतींत पुष्कळदा मोबाइलपुरतीच आवृत्ती दिलेली असते आणि ते टीव्ही लावून पाहिल्यावरच लक्षात येते. तरीही नवी सेवा विकत घेण्याआधी आपल्या रिचार्जमध्ये, वायफायच्या प्लॅनमध्ये आणि डिश कंपनीच्या पॅकमध्ये आधीपासून काय मिळते आहे याची यादी करावी. एकाच सेवेचे पैसे दोन वाटांनी भरणारी घरे माझ्या ओळखीतच आहेत.

एकाच खात्यावर पुण्यातले घर आणि साताऱ्यातले आजी-आजोबांचे घर चालवण्याचा विचार असेल तर तोही आधीच तपासावा. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ पासून भारतातही एक खाते एका घरापुरते मर्यादित केले आहे. प्रवासात आणि सुट्टीत गावी मुलांना दाखवायचे असेल तर घरच्या वायफायवर निवडक भाग डाउनलोड करून नेणे उत्तम. नेटफ्लिक्सच्याच माहितीनुसार एचडी दर्जात तासाला ३ जीबीपर्यंत डेटा खर्च होतो, आणि दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये एवढे एका बैठकीलाही पुरत नाही. घाटात तर नेटवर्कच नसते. शिवाय डाउनलोड केलेल्या चार भागांनंतर दाखवायला काही उरत नाही, हा त्यातला सर्वांत मोठा फायदा आहे.

कुलूप कुठे लावायचे

आता मुख्य विषयाकडे येऊ. केंद्र सरकारने २५ फेब्रुवारी २०२१ रोजी अधिसूचित केलेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटी सेवांना प्रत्येक कार्यक्रमाचे वयानुसार वर्गीकरण करून ते दाखवावे लागते: सर्वांसाठी ‘यू’, त्यानंतर ‘यू/ए ७+’, ‘यू/ए १३+’, ‘यू/ए १६+’ आणि केवळ प्रौढांसाठी ‘ए’. ‘यू/ए १३+’ आणि त्यावरच्या गटांसाठी पालकांना कुलूप लावता येईल अशी सोय देणे आणि ‘ए’ गटासाठी वयाची पडताळणी करण्याची विश्वासार्ह यंत्रणा ठेवणे सेवेवर बंधनकारक आहे. म्हणजे कुलूप ही कंपनीने केलेली मेहेरबानी नाही. एखाद्या सेवेत ते सापडतच नसेल किंवा सेटिंगच्या पाचव्या पानावर दडवलेले असेल, तर मुलांच्या घरासाठी ती सेवा तिथेच बाद करावी.

या वर्गीकरणावर किती विसंबावे, हा वेगळा प्रश्न. चित्रपटगृहातल्या चित्रपटाला सेन्सॉर बोर्ड प्रमाणपत्र देते, पण वेबसिरीजचे वर्गीकरण नियमांच्या चौकटीत राहून ती सेवा स्वतःच करते. त्यामुळे एका सेवेवरचे ‘१३+’ आणि दुसऱ्या सेवेवरचे ‘१३+’ एकाच मापाचे असेलच असे नाही. आकड्याबरोबर हिंसा, भाषा, व्यसन, भय अशी कारणेही लिहिलेली असतात. ती वाचण्याची सवय लावून घ्यावी, कारण सहा वर्षांच्या मुलाला शिवीपेक्षा भीतीचा त्रास जास्त होतो आणि तो रात्री दोन वाजता आईवडिलांना उठवून व्यक्त होतो. मराठी मालिकांतल्या रोजच्या विषप्रयोगांना आणि कारस्थानांना कोणता आकडा लावावा, हे मात्र कोणत्याच नियमात सांगितलेले दिसत नाही.

बहुतेक पालक मुलांसाठी वेगळी ‘किड्स’ प्रोफाइल तयार करतात आणि काम झाले असे समजतात. खरी चूक इथेच होते. किड्स प्रोफाइल म्हणजे मुलासाठी वेगळी खोली. पण त्या खोलीतून बाहेर पडून ‘बाबा’ किंवा ‘आजी’ असे नाव लिहिलेल्या चौकोनावर रिमोटचे बटण दाबले की मूल सरळ मोठ्यांच्या खोलीत पोहोचते. म्हणून कुलूप मुलाच्या प्रोफाइलला लावण्याऐवजी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या प्रोफाइलला लावावे. आमच्या घरी सगळ्यांच्या प्रोफाइलला पिन होता, फक्त आजीला आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून तिची प्रोफाइल मोकळी ठेवली होती. आमच्या सात वर्षांच्या नातवाने ते दोन दिवसांत ओळखले आणि पुढचा महिनाभर आजीच्या नावावर परग्रहवासीयांच्या लढायांचा इतिहास साठत राहिला. आजीला पिनचा त्रास नको असेल तर तिच्या प्रोफाइलची वयोमर्यादा ‘७+’ किंवा ‘१३+’ वर आणून ठेवावी. बहुतेकदा तिच्या पाहण्यात त्याने काहीही फरक पडत नाही.

सेवा घेतल्यावर पहिल्याच संध्याकाळी, मूल झोपल्यानंतर, अर्धा तास काढून मुलाच्या नजरेने रिमोट हातात घ्यावा. किड्स प्रोफाइलमधून बाहेर पडून पाहावे. नवी प्रोफाइल पिनशिवाय तयार करता येते का हे पाहावे. नेटफ्लिक्सवर हेही बंद करण्याची सोय आहे. शोधाच्या चौकटीत एखादा भयपट टाकून पाहावा. पिन विसरल्यावर तो बदलण्याची सोय कशी आहे, पासवर्ड विचारला जातो की ओटीपी येतो, आणि ओटीपी येत असेल तर नेमका कुणाच्या मोबाइलवर, हेही पाहावे. जो मोबाइल जेवताना मुलाच्या हातात असतो त्याच्यावरच तो येत असेल तर कुलूप आणि किल्ली एकाच खिळ्याला टांगल्यासारखे होईल. एवढे सगळे टीव्हीवर, मोबाइलवर आणि टॅबवर वेगवेगळे करून पाहावे, कारण एका उपकरणावर लावलेली बंधने दुसऱ्यावर आपोआप लागू होतीलच असे धरून चालता येत नाही. पिन म्हणून मुलाची जन्मतारीख वापरू नये, हे सांगायला नको. पण गाडीचा क्रमांकही मुलांना पाठ असतो.

प्राइम व्हिडिओसारख्या सेवेत आणखी एक दार असते. तिथे वर्गणीत समाविष्ट नसलेले चित्रपट भाड्याने घेता येतात आणि इतर वाहिन्यांची जादा सदस्यत्वेही विकली जातात, आणि ही सगळी चित्रे मोफत कार्यक्रमांच्याच रांगेत दिसतात. खरेदीसाठी वेगळा पिन लावण्याची सोय आहे. ती पहिल्या दिवशीच चालू करावी.

उरते ती ऑटोप्लेची बाब. एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होणे हे मुलांच्या बाबतीत वयोगटापेक्षाही त्रासदायक ठरू शकते, कारण ‘हा भाग संपला की बंद’ या कराराला मग काही अर्थच राहत नाही. नेटफ्लिक्सवर प्रत्येक प्रोफाइलपुरते हे बंद करता येते. जी सेवा ऑटोप्ले बंद करू देत नाही, तिला माझ्या हिशेबात सरळ एक गुण कमी.

यूट्यूबचा विचार वेगळा करावा

बहुतेक घरांत मुलांची खरी ओटीटी सेवा यूट्यूब हीच असते आणि ती निवडलेली नसते. ती फोनबरोबर आलेली असते. म्हणून कोणत्याही सशुल्क सेवेवर पैसे खर्च करण्याआधी यूट्यूबची व्यवस्था लावावी, नाहीतर दोन हजार रुपये भरून आणलेल्या सुरक्षित सेवेच्या शेजारी ते मोकळे मैदान तसेच राहते. लहान मुलांसाठी यूट्यूब किड्स हे वेगळे ॲप आहे. त्यात चार वर्षांपर्यंत, पाच ते आठ आणि नऊ ते बारा असे वयोगट निवडता येतात. पण त्यातली सर्वांत उपयुक्त सोय फारशी कुणी वापरत नाही: पालकांनी स्वतः मंजूर केलेले व्हिडिओ आणि चॅनेलच मुलाला दिसतील, असे ठरवता येते. त्यासाठी एखाद्या रविवारी तासभर बसून वीस-पंचवीस चांगले चॅनेल निवडावे लागतात, आणि शोधाची सोयही त्यात बंद होते. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी यापेक्षा चांगली व्यवस्था कोणत्याही सशुल्क सेवेत मला दिसलेली नाही.

एक खबरदारी मात्र घ्यावी. या ॲपमध्ये पालकांच्या सेटिंगमध्ये शिरण्यापूर्वी गुणाकाराचे गणित विचारले जाते, आणि ज्या घरात रोज संध्याकाळी पाढे म्हणवून घेतले जातात तिथे तिसरीतले मूल ते गणित आपल्याआधी सोडवते. त्याऐवजी स्वतःचा चार आकडी पासकोड ठेवण्याची सोय आहे, तीच वापरावी.

भाषा आणि जाहिराती

मुलाच्या कानावर मराठी पडावे अशी इच्छा असेल तर जाहिरातीतल्या ‘बारा भाषांत उपलब्ध’ या ओळीवर विसंबू नये. तीन-चार कार्यक्रम उघडून त्यांच्या आवाजाच्या भाषांची यादी पाहावी. मुलांच्या कार्यक्रमांत हिंदी, तमिळ आणि तेलुगू बहुधा मिळतात, मराठी क्वचित मिळते. मराठी सेवा म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते त्यांच्याकडे मराठी असते ते मुख्यतः मोठ्यांसाठी: झी मराठीच्या मालिका झी५ वर, सोनी मराठीच्या सोनीलिव्हवर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर. या मालिकांसाठी सेवा घ्यायची असेल तर ती जरूर घ्यावी, पण ती मुलासाठी घेतली असे समजू नये. प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘वेव्ह्ज’ हे ॲप सुरू केले. दूरदर्शनच्या जुन्या कार्यक्रमांचा साठा तिथे आहे आणि त्यातले बरेचसे विनामूल्य पाहता येते. आजोबा आणि नातवंडांनी एकत्र पाहण्यासाठी ते एकदा चाळून पाहण्यासारखे आहे, अर्थात नातवंडांना ते संथ वाटण्याची शक्यता आजोबांनी गृहीत धरावी.

जाहिरातींचा मुद्दा पालक सहसा गैरसोय म्हणून पाहतात, तो मुलांच्या दृष्टीने पाहावा. कार्यक्रमाला वयोगट असतो. मधल्या जाहिरातीला तसा आकडा पडद्यावर दिसत नाही. प्राइम व्हिडिओवर १७ जून २०२५ पासून भारतातही जाहिराती सुरू झाल्या आणि त्या टाळण्यासाठी वर्षाला ६९९ किंवा महिन्याला १२९ रुपये जादा असा दर लावण्यात आला. ‘जाहिरातविरहित’ म्हणवणाऱ्या प्लॅनमध्येही क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणात जाहिराती असतातच, आणि वेलचीच्या नावाने पानमसाल्याची आठवण करून देणाऱ्या जाहिराती सर्वांत जास्त भेटतात त्या तिथेच. मूल मुख्यतः कार्टून पाहत असेल तर जाहिरातविरहित प्लॅनसाठी थोडे जादा पैसे देणे मला योग्य वाटते; घरात मुख्यतः क्रिकेटच चालत असेल तर त्या जादा पैशांचा फारसा उपयोग नाही.

पैसे कसे भरावेत

सुरुवातीला वर्षाची वर्गणी भरू नये, कितीही सवलत असली तरी. एक महिन्याचा किंवा तीन महिन्यांचा प्लॅन घ्यावा, वर सांगितलेली अर्ध्या तासाची चाचणी करावी आणि महिन्याच्या शेवटी पाहिलेल्या कार्यक्रमांचा इतिहास उघडून पाहावा. मुलाने महिनाभरात एकच मालिका चौदा वेळा पाहिलेली असेल, तर साडेचार हजार कार्यक्रमांच्या यादीचे आपल्याला काही देणेघेणे नाही हे स्पष्ट होते. एका वेळी एकच सशुल्क सेवा ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी ती बदलावी, ही पद्धत मुले असलेल्या घरांना विशेष मानवते; उन्हाळ्याच्या सुट्टीत एक, दिवाळीत दुसरी, आणि परीक्षेच्या काळात एकही नाही.

त्यासाठी वर्गणी वेळेवर थांबवता आली पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान २४ तास आधी यावी लागते. ती एसएमएसच्या गर्दीत हरवू देऊ नये. यूपीआय ऑटोपे वापरले असेल तर आपल्या यूपीआय ॲपमध्ये चालू असलेल्या ऑटोपेची यादी दिसते आणि तिथूनच ते रद्द करता येते. केवळ ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही, ही गोष्ट घरातल्या ज्येष्ठांना समजावून सांगावी.

मुलांच्या विभागात अयोग्य काही दिसले तर तो ॲप बंद करून सोडून देण्याचा विषय नाही. प्रत्येक सेवेला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याने १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. समाधान झाले नाही तर प्रकरण त्या सेवेच्या स्वनियमन संस्थेकडे नेता येते. कार्यक्रमाचे नाव, भाग आणि मिनिट लिहून ठेवले आणि पडद्याचा फोटो काढला असेल तर तक्रार दहा मिनिटांत लिहून होते.

हे सगळे एकदा लावले की वर्षभर तसेच राहते, आणि तेवढ्यात मूल मोठे होते. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला रंगीबेरंगी किड्स प्रोफाइल अपमानास्पद वाटू लागते आणि ती कुणाच्या तरी मोकळ्या प्रोफाइलचा शोध घेऊ लागते. तो शोध सुरू होण्याआधीच तिच्या नावाची साधी प्रोफाइल करून द्यावी, तिची वयोमर्यादा ‘१३+’ च्या खाली ठेवावी आणि तेराव्या वाढदिवसाला तिच्यासमोर बसून ती एक पायरी वर न्यावी. मोठ्यांचे पिन मात्र त्याच दिवशी बदलावेत, कारण तोपर्यंत ते तिला माहीत झालेले असतात.